उन्हात बाटली ठेवून पाणी खरंच पिण्याजोगं होतं का? गावच्या घरासाठी आरओ घ्यावा की हे करावं?

होतं. ज्यांनी कधी करून पाहिलं नाही तेच हसतात. असा एक माणूस आमच्याच घरात आहे, माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे येतोच.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर दोनशिक्षकी शाळेत चार वर्षं होतो. पाणी विहिरीचं, आणि विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, पडायची ती कुणाला आठवण झाली की. जुलाबाने पोरं घरी बसायची. उकळून प्या म्हणणं सोपं आहे हो, पण मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरलेल्या बाईला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

बैरूतच्या आफ्तिम आक्रा या प्राध्यापकाने १९८० च्या सुमारास ही रीत मांडली, पुढे स्वित्झर्लंडच्या ईआवाग संस्थेने १९९१ पासून त्यावर काम केलं, एवढं मी वाचलं होतं. साधी पारदर्शक बाटली, सहा तास कडक ऊन. त्र्यंबकच्या भंगारवाल्याकडून लिटरच्या बाटल्या किलोवर आणल्या. लेबलं सोलली तरी डिंक निघेना, पोरांनी राखेने घासून काढला. मग शाळेच्या पत्र्यावर आडव्या मांडल्या. पत्रा तापतो ते बरंच. पाणी ५० अंशांवर गेलं की काम लवकर होतं.

घाण पाण्याने काळ्या पडतात त्या तपासणीच्या दोन छोट्या बाटल्या आरोग्य सेविकेकडून मागून आणल्या. एकीत विहिरीचं पाणी, एकीत पत्र्यावरचं. दुसऱ्या दिवशी शाळेचं कुलूप काढलं तर पहिली शाईसारखी काळी, दुसरी होती तशी पिवळसर. चौथीतला एक पोरगा पळत जाऊन आईलाच घेऊन आला. ती बाई बराच वेळ काळ्या बाटलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हेच पितो आम्ही?" आठवड्याभरात तीन घरांवर बाटल्या चढल्या.

मग तपासणीला साहेब आले. "गुरुजी, छपरावर भंगार कसलं?" मी काळी बाटली दाखवली, त्यांनी चहा घेतला आणि शेरा लिहिला, 'शालेय परिसर अस्वच्छ'. तो शेरा अजून पाठ आहे मला.

पण खरं सांगायचं तर जूनमध्ये मीच माती खाल्ली. पहिला पाऊस झालेला, विहीर गढूळ, आभाळ भरलेलं. सवयीने सकाळी बाटल्या चढवल्या, दुपारी उतरवल्या, पोरांना दिल्या. पाच पोरं आजारी पडली. गढूळ पाण्यात ऊन शिरतच नाही. भरलेली बाटली पेपरच्या मथळ्यावर उभी करा आणि वरून तोंडातून बघा, मथळा वाचता आला तरच पाणी चालेल. निम्म्याहून जास्त ढग असतील तर लागोपाठ दोन दिवस ठेवायची. झड लागली की नाद सोडायचा. आणि आपल्याकडे साथी येतात त्या नेमक्या तेव्हाच. २०२२ ला मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीला कॉलरा झाला तो जुलैतच. तेव्हा पावसाळ्यात तुरटीने गाळ बसवा, मग क्लोरीनचे थेंब टाका किंवा उकळा. ही आठ महिन्यांची रीत आहे.

आता दादा. नाशिकला असतो, घरी आरओ. त्याचं म्हणणं, प्लास्टिक उन्हात ठेवलं की कॅन्सर. स्वित्झर्लंडमध्ये हे तपासून झालंय, पाण्यात उतरतं ते विकतच्या बाटलीइतकंच. एसटी स्टँडवर तू बाटली घेतोस ती दुकानाबाहेर उन्हातच रचलेली असते की. दुसरं, बोलिव्हियात हे फसलं म्हणतो. २००९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात जुलाब फारसे कमी झाले नाहीत, खरंय. पण बाटल्या नेमाने ठेवणारे होते जेमतेम एक तृतीयांश! गोळी फडताळात ठेवायची आणि ताप उतरला नाही म्हणून डॉक्टरला शिव्या द्यायच्या. आणि तुझा आरओ पेलाभर पाणी देताना दोन-तीन पेले मोरीत सोडतो. टँकरची वाट बघणाऱ्या पाड्यावर हे सांगून बघ.

राहिलं ते सांगतो. बाटली दोन लिटरपेक्षा मोठी नको, रंगीत नको. वीस लिटरच्या जारमध्ये किंवा खिडकीच्या काचेआड हे होत नाही. ओरखडे पडलेली बाटली बदला. पाणी माठात ओतू नका, बाटलीतूनच प्या. संध्याकाळी ते कोमट लागतं, पोरं तोंड वाकडं करतात; रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फ्लोराईड, नायट्रेट मात्र उन्हाने जात नाही.

तुम्ही गाव कुठलं ते लिहिलं नाहीत. यवतमाळकडचं असेल आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराईड निघालं, तर आरओच घ्या. दादा, हे वाचून फोन करू नकोस.