केकचे थर मधोमध फुगतात आणि एका बाजूला कलतात, सपाट यावेत म्हणून कृतीत काय बदलू? दोन टिन एकदम ओव्हनमध्ये ठेवले तर चालतं का?

कृतीला हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की मैदा कमी केला, दूध वाढवलं, अंडं वाढवलं, तरी फुगवटा जात नाही आणि दर वेळी वरचा भाग कापून टाकावा लागतो. असं करून तो जाणारच नाही. दुखणं पदार्थांचं नाही, उष्णतेचं आहे. यावरून आमच्या घरात इतकी भांडणं झालीत की तुमचा प्रश्न दिसल्यावर मला गप्प बसवेना.

माझी मोठी बहीण केक करते. चवीला उत्तम करते, त्यात वाद नाही. पण तिचं ठाम मत असं, की केक मधोमध फुगला म्हणजे जमला. थर लावायचे असतील तर वरचं कापायचं, त्यात काय एवढं! मी मशीन दुरुस्तीचं काम करतो. त्यामुळे केकबद्दल तोंड उघडलं की "तू तुझे नटबोल्ट बघ" हे ठरलेलं. भाचीच्या वाढदिवसाला थरांचा मोठा केक करायचा होता, तेव्हा ताई दातेरी सुरीने एकेका थराचा माथा उडवत होती आणि मी शेजारी बसून ते तुकडे वजनकाट्यावर टाकत होतो. एकूण केकच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ऐवज ताटलीत जमला. पाच अंडी फोडायची आणि त्यातलं एक कापून बाजूला टाकायचं, हा हिशेब मला पटेना. तसं बोललो, तर उत्तर आलं, "ते तुकडे तूच खातोस ना?" खातो. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा असा आहे. टिनचा पत्रा ओव्हनमध्ये पटकन तापतो. त्याला चिकटलेलं बॅटर आधी शिजतं: स्टार्च पाणी धरून फुगतं, अंडं घट्ट होतं आणि कडेला भिंत तयार होते. मधलं बॅटर तेव्हा अजून पातळ असतं, कारण बॅटरमधून उष्णता फार सावकाश आत जाते. पुढे मध्यभाग तापतो, त्यात वायू आणि वाफ फुगायला लागते, पण कडा तोवर पक्क्या झालेल्या असतात. मग वर जाण्यावाचून त्याला वाटच नाही. त्यात वरची साल आधीच वाळली असेल तर ती फाटते आणि मधे भेग पडते. ओव्हन जितका कडक, तितकी भिंत लवकर उभी राहते आणि फुगवटा मोठा येतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे आतलं तापमान मोजणं. डायलवर विश्वास ठेवू नका. ओव्हनच्या आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो. ताईच्या ओव्हनचा डायल १८० वर होता आणि आत काटा २०० च्या पुढे. बटर केकच्या थरांसाठी मी १६० म्हणेन, वेळ जास्त लागला तर लागू द्या. काळ्या किंवा गडद रंगाचा टिन उष्णता जास्त ओढतो, त्यासाठी आणखी १० ते १५ अंश उतरवा. थरांसाठी सर्वात चांगला म्हणजे फिक्या रंगाचा, सरळ उभ्या कडांचा साधा ॲल्युमिनियमचा टिन.

दुसरं काम म्हणजे ओली पट्टी. जुन्या सुती टॉवेलची टिनच्या उंचीइतकी रुंद पट्टी कापायची, पाण्यात बुडवून पिळायची, टिनभोवती घट्ट गुंडाळून पिन लावायची. कापडात पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. आत १६० असो की १८०, टिनच्या कडेला तेवढा ताप पोचत नाही आणि मध्यभागाला कडांची बरोबरी करायला वेळ मिळतो. एवढंच. यात कसलीही जादू नाही.

ताईला हे सांगितलं तर ती हसली. मग मी म्हटलं, एकच बॅटर, एकसारखे दोन टिन, दोन्हींत काट्यावर तोलून समान वजन. एकाला पट्टी, दुसऱ्याला नाही. भावोजींना साक्षीदार म्हणून बसवलं. ते या वादात पडत नाहीत, पण केक कापायच्या वेळी हजर असतात. पट्टीवाला थर वर फूटपट्टी धरून बघावा इतका सपाट आला. बिनपट्टीवाल्याला मधोमध फुगवटा आणि त्यावर भेग. ताई म्हणाली, तुझा टिन गार बाजूला होता. आक्षेप रास्त होता, म्हणून पुढच्या वेळी जागांची अदलाबदल केली. पुन्हा तेच. मग म्हणाली, कच्चा असणार. मधोमध काडी खुपसली, कोरडी निघाली. मग म्हणाली, कडेला रंग नाही. तो खरंच नसतो. पट्टी लावली की कड फिकी आणि मऊ राहते. पण त्यावर क्रीम लागणार आहे ना? यावर शेवटचा बाण आला: मग फुगवटा कापलेलाही क्रीमखाली कोणाला दिसतो?

दिसतो. कापलेल्या केकचा पृष्ठभाग उघडा पडतो, त्याचे कण सुटून क्रीममध्ये येतात आणि पांढऱ्या क्रीमवर तपकिरी ठिपके उठतात. मग आधी पातळ क्रीमचा एक हात देऊन ते कण बसवा, फ्रीजमध्ये ठेवा, मग दुसरा हात. न कापलेल्या थराला स्वतःची साल असते, ती कण धरून ठेवते. सगळ्यात वरचा थर उलटा ठेवलात, म्हणजे तळाची बाजू वर, तर काम आणखी सोपं होतं. हे मी ताईला तेव्हाच सांगितलं. ती क्रीम फेटत होती आणि मिक्सरच्या आवाजात ऐकू आलं नाही असं तिचं म्हणणं.

आता कलण्याचं. इथे मला माझ्या धंद्याचा अभिमान आहे, कारण हे शोधायला नटबोल्टवालाच लागला. ताईचे थर नेहमी डाव्या बाजूला जाड यायचे आणि ती बॅटर नीट पसरत नाही म्हणून स्वतःलाच दोष द्यायची. मी गार ओव्हनच्या जाळीवर पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी, ठेवली. बुडबुडा उजवीकडे सरकून रेघेच्या पार गेला, म्हणजे डावी बाजू खाली. ओटा सपाट होता, ओव्हनचा एक रबरी पाय झिजला होता. खाली पत्र्याचा चौकोनी तुकडा सारला, बुडबुडा मधे आला आणि थर सरळ यायला लागले. जाळी वाकलेली असेल तरी हेच होतं. पाणसळ नसेल तर सपाट ताटलीत पाणी घालून जाळीवर ठेवा, कळेल. ओव्हन समतल असूनही एकच बाजू वर येत असेल, तर त्या बाजूला ताप जास्त आहे. दोन तृतीयांश वेळ झाला की टिन अर्धा फिरवा. त्याआधी दार उघडलंत तर मधलं बॅटर खाली बसू शकतं.

टिन निम्म्याहून थोडाच जास्त भरा. बॅटर ओतल्यावर कडेकडे थोडं जास्त आणि मधे किंचित खोलगट असं पसरा. मैदा घातल्यावर फेटत बसू नका. ग्लुटेन, म्हणजे मैद्यातला चिवटपणा, वाढलं की केक चिवट होतो आणि फुगवटाही वाढतो.

आणि हो, कृतीला हात लावू नका म्हटलं खरं, पण बेकिंग पावडर तेवढी बघा. एक कप मैद्याला एक ते सव्वा चहाचा चमचा पुरते. त्याच्या बरीच वर असाल तर केक आधी भराभर चढेल आणि मग मधे खचेल, तो वेगळाच ताप. शिवाय हे सगळं बटर किंवा तेल घातलेल्या केकपुरतं. नुसती अंडी फेटून केलेला हलका स्पंज टिनची कड धरून वर चढतो, त्याचे नियम निराळे. टिन दहा इंचांचा किंवा मोठा असेल तर पट्टी एकटी पुरत नाही. धातूचा चपट्या डोक्याचा खिळा, जो क्रीमची फुलं करायला वापरतात, तो तुपाचा हात लावून, डोकं खाली ठेवून मधोमध उभा करा, म्हणजे मध्यभागालाही ताप पोचतो. पट्टी सुतीच हवी, नायलॉन मिसळलेली नको. तिचं टोक लोंबून तापलेल्या रॉडला लागता कामा नये. लहान ओव्हनमध्ये रॉड जवळ असतो, तिथे पट्टीवरून फॉइल गुंडाळा. हे आधी लिहायला हवं होतं, पण ताईचा विषय निघाला की माझं असंच होतं.

दोन टिन एकदम चालतात. एकाच जाळीवर ठेवा, एकमेकांत आणि भिंतींपासून दोन-तीन बोटं जागा सोडा. जाळीवर मावत नसतील तर वरखाली ठेवण्यापेक्षा लहान टिन घ्या. आणि एवढं करूनही थोडा फुगवटा आलाच, तर केक बाहेर काढल्या काढल्या वर स्वच्छ कापड ठेवून तळव्याने अलगद दाबा, वाफ कापडातून जाते आणि तो बसतो. हात भाजेल, दुहेरी घडी घ्या. कापायचाच असेल तर पूर्ण गार होऊ द्या, तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मगच सुरी लावा. ताई कोमट असतानाच लावते.