वाचकांचे प्रश्न : फुफू घट्ट आणि लवचीक का होत नाही?

प्रश्न : माझे यजमान नोकरीनिमित्त चार वर्षे घानाची राजधानी अक्रा येथे होते. तिथला फुफू, म्हणजे उकडलेले कंद कुटून केलेला गोळा, घरी करावा, अशी त्यांची फार इच्छा आहे. पहिल्यांदा मी सुरण उकडून कुटला, तर सर्वांचा घसा खवखवला. दुसऱ्यांदा कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) उकडून निवू दिला आणि पाणी घालून मिक्सरमधून काढला, तर काही भाग खळीसारखा पातळ झाला आणि उरलेल्याच्या गुठळ्या राहिल्या. माझे काय चुकले?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : सुरणाला इंग्रजीत याम म्हणत असले, तरी पश्चिम आफ्रिकेत ज्या यामचा गोळा कुटतात त्याच्याशी सुरणाचे नाते नाही. शिवाय सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे. त्या यामच्या कुळातला आपल्याकडचा कंद म्हणजे कोनफळ. नायजेरियातील योरुबा लोक पांढरा याम कुटून जो ‘इयान’ करतात, तो कोनफळाचा करून पाहता येईल, मात्र कोनफळात पाण्याचा अंश जास्त असल्यामुळे गोळा थोडा सैल राहतो. तुमच्या यजमानांनी अक्रा येथे खाल्लेला फुफू बहुधा कसावा आणि कच्चे केळे यांचा असेल, तेव्हा तुमचा दुसरा प्रयत्न योग्य दिशेचा होता.

चूक झाली ती कसावा निवू देण्यात आणि सुरुवातीलाच पाणी घालण्यात. उकडलेल्या कंदातील फुगलेला स्टार्च पेशींच्या आत असतो. कुटल्याने पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येऊन एकमेकांत गुंततो आणि ताणला जाणारा गोळा तयार होतो. उकडलेला बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की चिकट होऊन वड्याचे सारण बिघडते. तेथे नकोसा वाटणारा तो चिकटपणाच फुफूला हवा असतो. हाच स्टार्च गार झाला की शिळ्या भातासारखा ताठर होतो आणि मग कितीही वाटला तरी गुठळ्या मोडत नाहीत.

माटुंग्याच्या केरळी दुकानांत कसावा ‘कप्पा’ या नावाने आणि कच्ची नेंद्रन केळी मिळतात. अर्धा किलो कसाव्याला 2 केळी घ्यावीत. कसाव्याची तपकिरी साल आणि तिच्या आतला जाड थर, दोन्ही काढून मधली दोरीसारखी शीर अवश्य काढावी, कारण ती कुटली जात नाही. कसावा कच्चा कधीही खाऊ नये, कारण त्यात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. तो उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उकडून ते पाणी फेकून द्यावे आणि चवीला कडू लागल्यास कंदही टाकून द्यावा. केळी सोलून वेगळी उकडावीत. दोन्ही कढत असतानाच आधी वेगवेगळे आणि मग एकत्र कुटावे, आणि गोळा जमू लागल्यावरच पाण्याचा हात लावावा. घानात एक जण उभा राहून लांब मुसळाने घाव घालतो आणि दुसरा खाली बसून दोन घावांच्या मधल्या क्षणी ओल्या हाताने गोळा उलटतो. कोकणात दोघींनी मिळून कांडण केलेल्या बायकांना त्या लयीची ओळख असेल.

इमारतीत रोज उखळ वाजवणे खालच्या मजल्यावरच्यांना त्रासाचे होईल, त्यामुळे मी दुसरी रीत सुचवेन आणि ती घानातल्या घरांतही रूढ आहे. सोललेला कच्चा कसावा आणि केळे थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटून जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर घोटत राहावे. मोदकाची उकड काढण्याचा सराव असेल, तर हात आपोआप चालेल. रंग पांढरट जाऊन काहीसा पारदर्शक झाला आणि कच्चा वास गेला, की थोडे पाणी शिंपडून झाकण ठेवावे, 5 मिनिटे वाफ आणावी आणि पुन्हा जोर लावून घोटावे. ओल्या वाटीत फिरवून गोळे करावेत आणि गरमच वाढावेत. बरोबर शेंगदाण्याचे वाटण, टोमॅटो, आले आणि मिरची घातलेला कोंबडीचा पातळ रस्सा करावा. उजव्या हाताने लहानसा तुकडा तोडून, अंगठ्याने त्यात खळगा करून, रस्सा भरून घ्यावा आणि न चावता गिळावा, अशी तिकडची पद्धत आहे.

प्रश्न : साबुदाणाही कसाव्याचाच असतो ना? मग भिजवलेल्या साबुदाण्याचा फुफू होईल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : होणार नाही. साबुदाणा कसाव्याचा असला, तरी तो कंदाचा गर धुऊन वेगळा काढलेला केवळ स्टार्च आहे. तो घोटला तर काचेसारखी, हाताला चिकटणारी खळ होते. फुफूला अंग येते ते कंदातल्या तंतुमय गराने आणि केळ्याने, म्हणून अख्खा कंदच आणावा.