सोंग न उतरवणारे पाहुणे

प्रश्न : काही विनोदी कलावंत मुलाखतीच्या कार्यक्रमांत स्वतः म्हणून न येता आपल्या पात्राच्या रूपातच येतात. सूत्रसंचालकाला हे आधी ठाऊक असते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुधा असते. अमेरिकेतील रात्रीच्या कार्यक्रमांत निर्मिती चमूतील कुणीतरी पाहुण्याशी आधीच बोलून विषय ठरवतो, आणि सूत्रसंचालकाच्या हातातील कार्डांवरचे प्रश्न त्यातूनच निघतात. त्यामुळे ब्रिटिश विनोदी अभिनेता साशा बॅरन कोहेन ‘बोराट’ या आपल्या पात्राच्या करड्या सुटात येऊन बसला, तरी कोणत्या प्रश्नाला हशा पिकेल याचा अंदाज समोरच्याला असतो.

अमेरिकी विनोदी कलावंत अँडी कॉफमनने मात्र हा संकेत धाब्यावर बसवला. स्त्रियांना कुस्तीचे आव्हान देणारा उर्मट इसम हे त्याचे सोंग होते. जुलै १९८२ मध्ये सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या कार्यक्रमात तो मानेला पट्टा लावून, मेम्फिसचा कुस्तीगीर जेरी लॉलर याच्यासोबत बसला असताना, लॉलरने उठून त्याला अशी थप्पड लगावली की तो खुर्चीतून खाली कोसळला. मग कॉफमनने शिव्यांची लाखोली वाहिली आणि कॉफी लॉलरच्या अंगावर भिरकावली. हे वैर दोघांनी संगनमताने रचले होते, ही गोष्ट १९८४ साली कॉफमन वारल्यानंतरही कित्येक वर्षे गुलदस्त्यातच राहिली. माझ्या मते या प्रकारातला हा सर्वांत धाडसी प्रयोग होय, कारण प्रेक्षकांनी हसावे की घाबरावे, हेच त्याने ठरवू दिले नाही.