सरकी पेंडेला पर्याय कोणता? सेंद्रिय दूध उत्पादकांच्या शंका

प्रश्न : संगमनेर तालुक्यातील आम्ही काही दूध उत्पादक चाऱ्याच्या पिकांना रासायनिक खते देत नाही. आता दुधाचे सेंद्रिय प्रमाणीकरण करून घेण्याचा विचार आहे. परंतु ज्या प्रशिक्षणाला जावे तेथे सरकी पेंड आणि युरिया प्रक्रिया केलेला कडबा यांचीच शिफारस होते. मग संकरित गाईंना खुराक म्हणून काय घालावे?

उत्तर : तुमची अडचण रास्त आहे. आपल्याकडील पशुआहाराचे बहुतेक मार्गदर्शन कमी खर्चात अधिक दूध हे उद्दिष्ट समोर ठेवून तयार झालेले असल्यामुळे त्यातील दोन प्रमुख आधारच सेंद्रिय गोठ्यात गळून पडतात. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज महाराष्ट्रात पिकणारा बहुतांश कापूस बीटी वाणांचा आहे. जनुकीय बदल केलेल्या पिकाचे खाद्य सेंद्रिय मानकांत बसत नसल्याने बाजारातील सरकी पेंड बाद होते. कृत्रिम युरिया खाद्यातही वर्ज्य असल्यामुळे चार टक्के युरियाची प्रक्रिया आणि युरिया-मळीची चाटण वीट याही शिफारशी तुमच्या उपयोगाच्या राहत नाहीत.

प्रथिनांसाठी सोयाबीन, करडई किंवा तिळाची पेंड, तूर व हरभऱ्याची चुणी आणि स्वतःच्या रानातील लसूणघास, चवळी, शेवरी यांची सांगड घालावी लागेल, आणि विकत घेतलेला मालही सेंद्रिय प्रमाणित असावा लागेल. शेंगदाणा पेंड चांगली असली तरी ओल लागलेल्या पेंडेत बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते व ते दुधात उतरते. भुईमूग सेंद्रिय होता म्हणून हा धोका टळत नाही. कडब्यावरचा भार कमी करण्यासाठी मक्याचे दाणे चिकात असताना कापणी करून मूरघास करणे हा युरियाविना होणारा भरवशाचा मार्ग आहे.

मात्र खरी उणीव यापुढे आहे. दिवसाला बारा-पंधरा लिटर देणाऱ्या संकरित गाईचा खुराक सरकी पेंडेवरून अशा मिश्रणावर आणल्यास दूध किती घटते, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातील इतर घन घटक) कोठे स्थिरावतात, गाय पुन्हा माजावर येण्यास उशीर होतो का आणि लिटरमागे खर्च किती वाढतो, याची आपल्या हवामानातील, आपल्या चाऱ्यावरची उत्तरे उत्पादकाच्या हाती नाहीत. ती नसताना त्याला सेंद्रियकडे वळा असे सांगणे म्हणजे सगळा धोका त्याच्या एकट्याच्या माथी मारणे होय. जाता जाता एक गैरसमजही दूर करावासा वाटतो : गीर गाय दावणीला बांधली की दूध सेंद्रिय झाले असे मानले जाते, पण त्या गाईपुढेही बाजारातील सरकी पेंडच ठेवली तर प्रश्न जेथल्या तेथेच राहतो.

प्रश्न : कासदाह झाल्यास प्रतिजैविक दिले तर गाईचा सेंद्रिय दर्जा जातो का?

उत्तर : याबाबत देशोदेशी नियम वेगळे आहेत. अमेरिकेत प्रतिजैविक दिलेली गाय सेंद्रिय कळपातून कायमची बाहेर पडते, तरीही दर्जा टिकवण्यासाठी उपचार टाळण्यास तेथील नियमच मनाई करतात. युरोपीय संघात मर्यादित उपचार चालतात, मात्र औषधानंतर दूध विक्रीतून वगळण्याचा काळ नेहमीच्या दुप्पट धरावा लागतो. आपल्या प्रमाणन संस्थेकडून हा नियम आधीच लेखी घ्यावा. गाईला ताप असेल, तिने चारा सोडला असेल किंवा दुधात रक्त-पू दिसत असेल, तर पशुवैद्यकाला बोलावण्यात एक वेळचाही विलंब करू नये.

उपचारापेक्षा लवकर ओळखणे शिकले पाहिजे, आणि प्रशिक्षणात नेमके तेच हाताने करून घेतले जात नाही. सीएमटी (कासदाह ओळखण्याची कॅलिफोर्निया चाचणी) या चाचणीच्या चार खणांच्या तबकात प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा वेगळ्या घ्याव्यात, तेवढेच चाचणीचे द्रावण घालून तबक गोल फिरवावे. ज्या खणातील दूध दाटून शेंबडासारखे चिकट होईल त्या सडात दाह सुरू झालेला असतो, भले दूध डोळ्यांना स्वच्छ दिसो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेला कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप अशा प्रारंभिक अवस्थेत अनेक उत्पादक कास धुऊन, दूध पूर्ण काढून दिवसातून अनेकदा लावतात. तो कोणत्या जंतूंवर व कोणत्या टप्प्यापर्यंत पुरेसा पडतो, याच्या चाचण्या गावपातळीवर, दुधातील पेशींची मोजणी करून व्हायला हव्यात.

प्रश्न : अशा संशोधनाची मागणी आम्ही कोणाकडे करावी?

उत्तर : जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राकडे. शेतकऱ्यांच्या शेतावर, गोठ्यात चाचण्या घेणे हे या केंद्रांचे नेमून दिलेले काम आहे आणि त्यांच्या शास्त्रीय सल्लागार समितीत शेतकरी प्रतिनिधीही असतात. ‘सेंद्रिय दुधासाठी काहीतरी करा’ असे मोघम निवेदन देऊ नका. एकाच सुमारास व्यालेल्या, सारख्याच वेताच्या गाईंचे दोन गट करून एकाला नेहमीचा खुराक व दुसऱ्याला सरकीविना खुराक देण्याची चाचणी मागा. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे शिरवळ येथील महाविद्यालय आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांचे तज्ज्ञ आखणीस मिळावेत, असे त्याच अर्जात नमूद करा. सोबत प्रत्येक गाईच्या सकाळ-संध्याकाळच्या दुधाची, खुराकाच्या वजनाची, माजाच्या तारखांची आणि औषधांची किमान एका वेताची नोंदवही जोडा. प्रमाणीकरणाच्या तपासणीला हीच वही दाखवावी लागेल.