मागचा इको शेजारी ठेव

पोरी,

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोप उडाली. नेरूळ स्टेशनचा जिना चढताना तुझ्या हृदय प्रत्यारोपणाच्या पेशंटला हल्ली दम लागतो. रक्तातलं दात्याच्या डीएनएचं प्रमाण मागच्या वेळेच्या दुप्पट झालंय, पण कट-ऑफच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या, खाली आहे म्हणून रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलंय. आणि तू विचारतेस, बायोप्सीचा, म्हणजे हृदयाचा कण काढून तपासायचा, आग्रह धरू का?

मागचा रिपोर्ट नव्याच्या शेजारी ठेव. वर्षभर हेच घोकतोय तुझ्यापुढे.

नव्या हृदयाच्या पेशी दुखावल्या की त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. कुणाच्या रक्तात किती, हे ज्याचं त्याचं असतं. कट-ऑफ सगळ्यांचा, तुझा पेशंट एकटा आहे.

प्रत्यारोपण झालेल्या कळव्याच्या एका तरुणाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मी केला होता. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ६०. जुना इको न काढताच 'नॉर्मल' लिहून मोकळा झालो. जुन्या इकोत हृदयाची भिंत पातळ होती, या वेळी सुजून जाड झाली होती, स्ट्रेनही, म्हणजे स्नायूच्या आकुंचनाचं मापही, घसरला होता. रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर नवं हृदय नाकारतं तेव्हा, पंपिंग बहुधा उशिरा ढासळतं, हे मला ठाऊक होतं. तीन आठवड्यांनी तो आला तो स्ट्रेचरवर. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती, फाइल आणायला माणूस नव्हता, हे खरंच आहे. पण कपाट दहा पावलांवर होतं.

रक्ताची चाचणी मला नकोय असं समजू नकोस. १९७३ साली फिलिप केव्ह्जनं मानेतल्या शिरेतून हृदयाचे कण काढायची पद्धत मांडली, तेव्हापासून किती माना टोचल्या गेल्या! झडपेला इजा होते, शिवाय सूज एकीकडे आणि कण भलतीकडचा, असंही होतं. २०१०च्या ६०२ रुग्णांच्या अभ्यासात जनुकांची रक्तचाचणी (ही तुझ्या पेशंटच्या चाचणीहून वेगळी) नेहमीच्या बायोप्सीपेक्षा कमी ठरली नाही. पण ते रुग्ण स्थिर होते, आणि रक्तचाचणीच्या गटातली बहुतेक रिजेक्शन्ससुद्धा लक्षणांनी नाहीतर इकोनं पकडली गेली. तुझा पेशंट धापा टाकतोय, अगं! त्याला 'स्थिर' कुणी ठरवलं?

आजच बोलावून घे. इको कर, दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीज पाठव, रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमस औषधाची रक्तातली पातळी गोळीच्या आधी घे. बायोप्सीसाठी सरांना फोन कर. रागावले तर रागावू देत. मी नौपाड्यात घरीच आहे. इकोच्या दोन्ही क्लिप मला पाठव, जुनी आधी.