मागच्या बाजूची बारीक अक्षरं

प्रिय पोरी,

मेहबूब स्टुडिओत बडी गाय या गिटारवाल्याला ऐकल्यापासून तुला ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्या संगीताचं, वेड लागलंय, हे तुझ्या बाबांकडून कळलं. पाठोपाठ तुझा मेसेजही आला, की फारसे कुणाला माहीत नसलेले दहा अल्बम सुचवा. यादी मी पाठवणार नाही. पाठवली तर तू प्रत्येकातली दोन-दोन गाणी ऐकून आठवड्याभरात उरकशील आणि अकराव्यासाठी पुन्हा माझ्याकडेच येशील. त्यापेक्षा एक सवय लावून घे. जो अल्बम आवडेल त्याची मागची बाजू वाच. गाणं कुणी लिहिलं, ड्रमवर कोण बसलंय, रेकॉर्डिंग कुठल्या गावात झालं, हे सगळं तिथे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मोबाइलवर ऐकत असशील तर क्रेडिट्स उघडायचा कंटाळा करू नकोस.

सुरुवात बडी गायपासूनच कर. त्याचा 2001 चा 'स्वीट टी' हा अल्बम मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला रेकॉर्ड झाला. शिकागोचा हा दिमाखदार गिटारवाला पहिल्या गाण्यात एकटाच अकूस्टिक गिटार घेऊन बसतो आणि आपण म्हातारे झालो म्हणून सांगतो. गाणं 'डन गॉट ओल्ड'. खाली लेखकाचं नाव बघ, ज्युनियर किम्ब्रो. नऊपैकी चार गाणी या एकाच माणसाची आहेत.

किम्ब्रो उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांतला, होली स्प्रिंग्सच्या आसपासचा. मिसिसिपी म्हटलं की आपल्याला कापसाची सपाट डेल्टा तेवढी ठाऊक असते. या टेकड्यांकडे लोकांचं लक्ष फार उशिरा गेलं. चुलाहोमा नावाच्या वस्तीत त्याचा स्वतःचा जूक जॉइंट होता. म्हणजे पत्र्याबित्र्याची एक जागा, बिअर, नाच आणि कोपऱ्यात बँड. 'ऑल नाइट लाँग' हा त्याचा पहिला अल्बम 1992 साली तिथेच रेकॉर्ड झाला. तेव्हा गडी साठी ओलांडून गेला होता. ड्रमवर त्याचा मुलगा, बासवर शेजारच्याच आर. एल. बर्नसाइड या ब्लूजवाल्याचा मुलगा.

तू शिकलेला ब्लूज बारा बारचा आहे (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन): तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे झुबके, एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरीत तिचं उत्तर. किम्ब्रोकडे ती वळणं येतच नाहीत. तो एका कॉर्डवर ठाण मांडतो आणि सहा-सहा मिनिटं हलत नाही. अंगठा खालच्या तारांवर तंबोऱ्यासारखा सूर धरून ठेवतो, आणि गळा जे म्हणेल तेच वरच्या तारा त्याच्याबरोबर म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना गाणं सुरू कधी होणार असं वाटत राहील. 'मीट मी इन द सिटी' तीनदा लागोपाठ लाव. तिसऱ्या वेळी पाय आपोआप हलायला लागेल, आणि ड्रम नि गिटार एकमेकांना किंचित मागे-पुढे ओढतायत हे लक्षात येईल. सगळी गंमत त्या ओढाताणीत आहे. याच अल्बममध्ये 'यू बेटर रन' म्हणून एक गाणं आहे. बलात्काराच्या धमकीची गोष्ट त्यात चेष्टेच्या सुरात येते. ठेका झकास असला तरी मला ते पचत नाही, आणि थोर माणसाचं म्हणून सगळंच गोड मानून घ्यायला आपण काही कुणाचे भक्त नाही.

'स्वीट टी'वर आणखी एक नाव दिसेल, सीडेल डेव्हिस. अर्कान्सासमधल्या हेलेनाचा. लहानपणी पोलिओ झाला, हात धड वळेनात. मग त्याने गिटार उलटी धरली आणि जेवणाच्या सुरीची मूठ तारांवर घासून स्लाइड वाजवायला सुरुवात केली. 1994 चा 'फील लाइक डूइंग समथिंग राँग' ऐक. सूर ठरलेल्या जागेच्या थोडे अलीकडे-पलीकडे लागतात, दात शिवशिवतात. अनेकजण दोन मिनिटांत बंद करतात. तू निदान पाच मिनिटं थांब, कान सरावतो.

आणि त्याच टेकड्यांतली जेसी मे हेम्फिल. तिचे आजोबा सिड हेम्फिल यांना लोकसंगीत गोळा करत फिरणाऱ्या अॅलन लोमॅक्सने 1942 मध्येच ध्वनिमुद्रित केलं होतं. ही नात हातात इलेक्ट्रिक गिटार आणि पायात खंजिरी घेऊन एकटीच अख्खा बँड व्हायची. 'शी-वुल्फ' हा तिचा पहिला अल्बम 1981 चा, आणि तो काढला एका फ्रेंच कंपनीने! घरच्यांना कदर नव्हती, दुसरं काय. बायकांचा ब्लूज म्हटलं की लोक 1920 च्या दशकातल्या गायिकांवर येऊन थांबतात, म्हणून ही मुद्दाम सांगतोय.

आता शिकागो. बडी गायच्या पहिल्या रेकॉर्ड 1958 च्या, कोब्रा कंपनीच्या एका उपशाखेवर निघालेल्या. त्याच कोब्रावर त्याच्या आधी आलेला ओटिस रश. तू गिटार शिकतेस म्हणून याच्यावर जरा रेंगाळतो. ओटिस डावखुरा, आणि तारा न बदलता गिटार उलटी धरायचा. त्यामुळे सगळ्यात बारीक तार वर, त्याच्या छातीच्या बाजूला. आपण ती तार वर ढकलून सूर चढवतो, तो खाली ओढून चढवायचा. ओढण्यात हाताचा जोर जास्त लागतो, सूर सावकाश चढतो आणि वर गेल्यावर रुंद थरथरतो.

त्याचा 'राइट प्लेस, राँग टाइम' 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला रेकॉर्ड झाला. कॅपिटॉल कंपनीने तो काढलाच नाही, तसाच पडून राहिला. शेवटी 1976 मध्ये बुलफ्रॉग नावाच्या छोट्या कंपनीकडून बाहेर आला. पाच वर्षं! त्या नावात लोकांना आयता विनोद सापडतो, पण अल्बम ऐकताना हसू येत नाही. शीर्षकगीतात गळा वर जाऊन फाटायच्या बेताला येतो आणि तिथेच थांबतो. पुढचं गिटार सांगते. ब्रास सेक्शन, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा ताफा, मागे राहून नेमकं तेवढंच बोलतो. मला एकच शिकागो अल्बम ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन, आणि त्यावरून भांडायलाही तयार आहे. मॅजिक सॅमचा 'वेस्ट साइड सोल' त्याच्यानंतर ऐक. बिचारा 1969 मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला.

जे. बी. लेनोरकडे मात्र गिटारसाठी जाऊ नकोस, शब्दांसाठी जा. आवाज इतका उंच की आधी बाई गातेय असं वाटतं. स्टेजवर झेब्राच्या पट्ट्यांचा लांब कोट घालणारा हा गृहस्थ 1954 मध्येच राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या कारभारावर गाणं करून बसला होता. ते मागे घेऊन शब्द बदलून पुन्हा करावं लागलं. 'अलाबामा ब्लूज' 1965 चा. बहुतेक ठिकाणी नुसती अकूस्टिक गिटार आणि फ्रेड बिलोचे ड्रम. दक्षिणेत काळ्या माणसांवर चाललेले अत्याचार तो नाव घेऊन सांगतो, चढ्या पण शांत आवाजात. तेव्हा हा अल्बम अमेरिकेत नाही, युरोपात निघाला. का, ते तुला सांगायला नको.

स्किप जेम्सच्या 1931 च्या रेकॉर्ड सगळे सुचवतील. तू आधी 1966 चा 'टुडे!' ऐक. पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीच्या त्या जुन्या तबकड्यांची खरखर नव्या कानाला सोसत नाही. ही कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्यांची होती, त्यामुळे दर्जाची फार अपेक्षा ठेवू नये. खरखरीतून माणूस ऐकू यायला लागला की मग मागे जा.

रॉबर्ट पीट विल्यम्स शेवटी. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात 1959 च्या सुमारास हॅरी ऑस्टर या प्राध्यापकाने त्याला ध्वनिमुद्रित केलं. 'प्रिझनर्स टॉकिंग ब्लूज'मध्ये तो निम्मं बोलतो, निम्मं गातो, आणि बार मोजायच्या भानगडीत पडतच नाही. ठोके मोजणारं मेट्रोनोम लावून त्याच्याबरोबर वाजवायला जाऊ नकोस, वैतागशील.

तुझा,
काका

ता. क. किम्ब्रो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचा नाही. बास गायब होतो, आणि मग 'काका, हे एकच एक काय चाललंय' म्हणून मलाच फोन करशील. बाबांचा जुना अॅम्प्लिफायर माळ्यावर आहे, तो काढायला लाव.