हिमोफिलिया : तपासणी आधी कोणाची?

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार. त्याच्या जनुकीय चाचणीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे वय २४ आहे. धाकट्या भावाला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया ए आहे. त्याचे फॅक्टर आठचे (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचे) प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. आईचा एक भाऊ लहानपणी दात पडल्याचे निमित्त होऊन रक्त न थांबल्याने गेला, असे आजी सांगते. माझ्या लग्नाची बोलणी सुरू असल्यामुळे एका खासगी प्रयोगशाळेतून मी एक्झोम चाचणी (जनुकांमधला प्रथिनांचा मजकूर वाचणारी चाचणी) करून घेतली. ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल आला आणि माझे फॅक्टर आठ ६२ टक्के भरले. हा अहवाल स्थळाकडच्या मंडळींना दाखवून ‘मुलगी वाहक (सदोष जनुक पुढच्या पिढीला देऊ शकणारी) नाही’ असे सांगावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. तसे सांगता येईल का?

उत्तर : नाही. हातात असलेल्या आकड्यावरून आणि अहवालावरून तसे म्हणता येणार नाही, आणि त्याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण ही गल्लत अनेक घरांत होते.

प्रथम ६२ टक्क्यांविषयी. फॅक्टर आठ तयार करणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निष्क्रिय होतो आणि कोणता निष्क्रिय व्हावा हे गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला यदृच्छेने ठरते. त्यामुळे वाहक स्त्रियांमध्ये फॅक्टरची सरासरी पातळी ५० टक्क्यांच्या आसपास असली, तरी एखादीची पातळी २० टक्के, तर दुसरीची पूर्णपणे सर्वसाधारण असू शकते. शिवाय ताण, व्यायाम, गर्भारपण आणि संततिनियमनाच्या गोळ्या यांमुळे हे प्रमाण वाढते. फॅक्टर कमी आढळले तर वाहक असल्याचा संशय बळावतो, एवढे खरे; ते पुरेसे आढळले म्हणून वाहक नाही, असा उलटा अर्थ मात्र काढता येत नाही.

आता एक्झोमविषयी. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० ते ४५ टक्के रुग्णांत एकच विशिष्ट बिघाड सापडतो. या जनुकाचे २६ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, आहेत आणि त्यांच्या मधल्या जागांना इंट्रॉन म्हणतात. बाविसाव्या इंट्रॉनमधील एक लांबलचक अनुक्रम गुणसूत्राच्या टोकाकडे पुन्हा आढळतो. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना हे सारखे दिसणारे भाग एकमेकांशी जुळले, तर जनुकाचा मोठा भाग तुटून उलटा बसतो. याला इंट्रॉन २२ चे इन्व्हर्जन म्हणतात; त्याचा शोध १९९३ मध्ये लागला. पोथीतला एक अख्खा गठ्ठा उलटा शिवला गेला, तर सुटे पान घेऊन वाचणाऱ्याला एकही अक्षर चुकलेले सापडणार नाही. एक्झोम चाचणी नेमकी अशीच सुटे तुकडे वाचते. म्हणून तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या कुटुंबात केवळ एक्झोमचा ‘दोष आढळला नाही’ हा शेरा जवळजवळ निरुपयोगी असतो. त्यात प्रयोगशाळेने खोटे काही लिहिलेले नाही. प्रश्नच चुकीच्या व्यक्तीच्या रक्ताला विचारला गेला.

तपासणी आधी तुमच्या भावाची व्हायला हवी. त्याचे तीन ते पाच मिलिलिटर रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतले की काम भागते आणि आदल्या दिवशी त्याने फॅक्टर घेतले असले, तरी जनुकीय चाचणीला त्याने फरक पडत नाही. (फॅक्टरची पातळी मोजायची असेल, तर गोष्ट वेगळी : तेथे निळ्या टोपणाची नळी लागते, ती खुणेपर्यंत भरावी लागते, रक्त काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचावे लागते आणि इंजेक्शननंतरचा आकडा दिशाभूल करतो. गावातल्या संकलन केंद्रातून बसने पाठवलेल्या नमुन्यावरचे फॅक्टरचे आकडे मी फार मनावर घेत नाही.) प्रयोगशाळा सहसा आधी इंट्रॉन २२ आणि इंट्रॉन १ ची इन्व्हर्जन पाहते, ती नसल्यास सगळे एक्झॉन वाचते आणि तेथेही काही न सापडल्यास एखादा तुकडा गळाला अथवा दुणावला आहे का, हे एमएलपीए या पद्धतीने तपासते. बहुसंख्य रुग्णांत बिघाड या मार्गाने हाती लागतो. मग तोच एक बिघाड तुमच्या आईच्या आणि तुमच्या रक्तात आहे की नाही, एवढेच पाहायचे असते. भावात सापडलेला बिघाड तुमच्यात नाही असे दिसले, तरच ‘वाहक नाही’ या शब्दांना अर्थ येतो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे काम वर्षानुवर्षे होत आले आहे.

मामांविषयी आजी सांगतात ते खरे असेल, तर आई निश्चितपणे वाहक आहे, असेच धरून चालावे आणि त्या हिशेबाने तुम्ही वाहक असण्याची शक्यता आज निम्मी आहे. ज्या कुटुंबांत रुग्ण हयात नसतो, तेथे अशा निश्चित वाहक आईच्याच रक्तात बिघाड शोधता येतो. तुमच्याकडे सुदैवाने भाऊ आहे.

स्थळाकडच्यांना काय सांगावे, हा वैद्यकीय प्रश्न नाही, तरी विचारलाच आहे म्हणून माझे मत लिहितो. हा अहवाल त्यांना दाखवू नये, कारण पुढे मुलगा बाधित निघाला, तर तोच कागद तुमच्याविरुद्ध काढला जाईल. भावाची आणि तुमची चाचणी होईपर्यंत बोलणी थोडी लांबवावीत आणि निष्कर्ष काहीही निघो, तो मध्यस्थामार्फत न कळवता मुलाला स्वतः भेटून सांगावा.

प्रश्न : पत्नीच्या भावाला हिमोफिलिया आहे आणि पत्नी वाहक असल्याचे जनुकीय चाचणीत सिद्ध झाले आहे. तिला आता सातवा आठवडा आहे. सोनोग्राफीत मुलगी असल्याचे कळले तर पुढची चाचणी टळेल, असे एका परिचिताने सुचवले. आम्ही काय करावे?

उत्तर : परिचितांचा सल्ला बेकायदेशीर आहे. गर्भाचे लिंग सांगण्याची मुभा १९९४ च्या प्रसवपूर्व निदान कायद्याने कोणालाही दिलेली नाही. कुटुंबात हिमोफिलिया आहे म्हणूनही नाही. महाराष्ट्राने तर असा कायदा देशाच्या आधी, १९८८ मध्येच केला होता. मात्र लिंगसंलग्न आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची जनुकीय चाचणी करण्यास हाच कायदा परवानगी देतो. केंद्र नोंदणीकृत असले पाहिजे, चाचणीचे धोके पत्नीला समजावून सांगितले पाहिजेत आणि तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेऊन तिची प्रत तिला दिली पाहिजे. तिच्या हाती इंग्रजी फॉर्म ठेवला गेला, तर मराठी मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. संमती तिची लागते. तुमची किंवा सासू-सासऱ्यांची नव्हे.

अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान वारेच्या ऊतीचा नमुना घेता येतो. ती वेळ हुकल्यास सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेतात. दोन्हींत गर्भपाताचा धोका असतो, पण अनुभवी हातांत तो एक टक्क्याहून कमी राहतो. वारेचा नमुना म्हणजे द्रवात तरंगणारे पांढरट तंतू असतात. प्रयोगशाळेतील माणूस सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना चिकटलेल्या मातेच्या पेशी चिमट्याने वेगळ्या करतो, कारण त्या राहिल्या तर गर्भाच्या नावावर आईचाच अहवाल तयार होण्याचा धोका असतो. म्हणून नमुन्यासोबत पत्नीचे रक्तही पाठवावे लागते आणि भावाच्या अहवालाची प्रत तर हवीच. अहवालात गर्भ बाधित आहे की नाही, एवढेच कळवले जाते. तुमच्याजवळ फारसा वेळ नाही. याच आठवड्यात जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या.

चाचणी करायलाच हवी, असे मात्र नाही. आज सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर विनामूल्य मिळते, रक्तस्राव टाळणारे एमिसिझुमॅबसारखे औषध आले आहे, आणि पत्नीच्या घरात हा आजार जवळून पाहिलेला असल्यामुळे अशी अनेक जोडपी ‘जे होईल ते वाढवू’ असे ठरवतात. गर्भ बाधित निघाल्यास काय करायचे याविषयी दोघांचे बोलणे चाचणीच्या आधीच झालेले असावे. काहीच वेगळे करायचे नसेल, तर सुई टोचण्याचा धोका कशासाठी पत्करायचा, हा प्रश्न रास्त आहे. पुढच्या खेपेसाठी गर्भाशयात रोपण करण्यापूर्वी भ्रूणाची चाचणी करण्याचाही मार्ग कायद्याने खुला आहे. तो खर्चिक आहे.

चाचणी केली नाही, तर प्रसूतीची तयारी करावी. शेवटच्या तिमाहीत पत्नीचे स्वतःचे फॅक्टर मोजावे. फॅक्टर आठ गर्भारपणात वाढते आणि प्रसूतीनंतर उतरते, त्यामुळे बाळंतपण सुखरूप झाले म्हणून नंतरच्या रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करू नये. व्हॅक्यूम आणि चिमटे टाळावेत, बाळाला स्नायूत इंजेक्शन देण्याआधी थांबावे आणि नाळेतले रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेऊन फॅक्टर मोजावे. हिमोफिलिया बी (फॅक्टर नऊची कमतरता) असेल, तर लक्षात ठेवावे की फॅक्टर नऊ नवजात बाळात मुळातच कमी असते. सौम्य आजाराचे निदान त्या एका आकड्यावर करू नये. बाळाला आजार आहे की नाही हे कळेपर्यंत सूतिकागृहातल्या प्रत्येक पाळीच्या परिचारिकेला ही गोष्ट माहीत असली पाहिजे, म्हणून ती केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे आणि त्याला हिमोफिलिया आहे. त्याच्या मामांनाही आहे. मामांच्या मुलीशी त्याचे लग्न व्हावे, असे दोन्ही घरांत बोलले जाते. आजाराची सवय असलेली मुलगी मिळेल, असा विचार त्यामागे आहे.

उत्तर : विचारामागची माया कळते, पण हे स्थळ टाळावे. पुरुष आपला एकुलता एक एक्स प्रत्येक मुलीला देतो. म्हणून मामांची मुलगी चाचणी न करताही वाहकच आहे, आणि तिच्यात असलेला बिघाड तुमच्या मुलातलाच आहे. या दोघांना झालेल्या मुलग्यांपैकी प्रत्येकाला हिमोफिलिया होण्याची शक्यता निम्मी राहील, आणि मुलींनाही तितकीच. ज्या मुली आजारातून सुटतील, त्या वाहक असतील. हिमोफिलिया मुलींना सहसा होत नाही, हा समज अशाच विवाहांत खोटा ठरतो. नात्याबाहेरच्या, वाहक नसलेल्या मुलीशी लग्न झाले, तर त्याचे सगळे मुलगे आजारमुक्त आणि सगळ्या मुली वाहक, असे चित्र राहते.

मामा निरोगी असते, तर त्यांच्याकडून मुलीला हा बिघाड येण्याचे कारण नव्हते. मुलाच्या आत्याची मुलगी वडिलांच्या बाजूची, म्हणून तिचाही या आजाराशी संबंध येत नाही. गोत्र वडिलांकडून चालते आणि हिमोफिलिया आईच्या बाजूने उतरतो, त्यामुळे येथे गोत्र पाहून काहीच साधत नाही. मात्र फॅक्टर तेराची कमतरता किंवा ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनियासारखे (रक्तातील बिंबाणूंच्या दोषाचे) आजार दोन्ही बाजूंनी येतात आणि नात्यातल्या लग्नांमुळे त्यांचे प्रमाण वाढते. ज्या घरात बाळाची नाळ गळताना रक्त थांबले नाही, अशी आठवण आहे, त्यांनी मामे-आते नात्यातली सोयरीक जुळवण्यापूर्वी रक्तविकारतज्ज्ञाला भेटावे.

प्रश्न : आमच्या दोन्ही घरांत कोणालाही हा आजार नव्हता. तरी मुलाला तीव्र हिमोफिलिया ए निघाला आणि चाचणीत इंट्रॉन २२ चे इन्व्हर्जन आढळले. ‘माहेरचे दडवले’ असे मला ऐकावे लागते. माझी चाचणी करावी का? मोठी मुलगी आठ वर्षांची आहे. तिचीही आताच करावी का?

उत्तर : सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात आधी कोणालाही हिमोफिलिया नसतो, त्यामुळे दडवण्यासारखे माहेरी काही असेल, असे मानण्याला आधार नाही. इन्व्हर्जन बहुतेक वेळा पुरुषाच्या शुक्रपेशी तयार होताना घडते. तुमच्या मुलाच्या बाबतीत ते बहुधा तुमच्या वडिलांच्या शुक्रपेशीत घडले असावे. त्यांना आजार नव्हता, त्यांच्या रक्तातही ते सापडणार नाही आणि कोणाला कळण्याचा मार्गही नव्हता. तुम्ही त्या गुणसूत्रासह जन्मलात. सासरच्या मंडळींना हे समुपदेशकाच्या तोंडून ऐकू द्या. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत आपल्याकडे अजून फरक केला जातो.

तुमची चाचणी जरूर करावी. तीत तुम्ही वाहक ठरण्याचीच शक्यता जास्त आहे. रक्तात बिघाड सापडला नाही, तरी काही स्त्रियांच्या थोड्या अंडपेशींत तो असू शकतो. म्हणून पुढच्या गरोदरपणात चाचणीचा विचार तेव्हाही सोडू नये.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. तिचे फॅक्टर आठ आताच मोजून घ्यावे, कारण ते कमी असल्यास दात काढताना, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत किंवा पाळी सुरू झाल्यावर त्रास होऊ शकतो. जनुकीय चाचणी मात्र तिचे तिने समजून उमजून ठरवावे, एवढी ती मोठी होईपर्यंत थांबावे. तिच्या नकळत केलेला अहवाल घरात पडून राहतो आणि तिच्या आधी इतरांच्या तोंडी होतो. तोवर मुलाचा मूळ अहवाल प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवा आणि त्याचा स्पष्ट फोटो तुमच्या बहिणींनाही पाठवा. तुमच्यातला बिघाड जर तुमच्या वडिलांच्या एकाच शुक्रपेशीत घडला असेल, तर बहिणींना धोका फारच थोडा आहे, तरी त्यांच्यापैकी कोणी गरोदर असेल, तर तिच्या डॉक्टरांना तो कागद पाहायला हवा.